आरोग्यपाठ : कळा सुरू झाल्यावर



मागच्या महिन्यात एका मंडळीच्या महिला मेळाव्याला गेले होते. बहिणींनी वर्षभर विणलेल्या लोकरीच्या टोप्या एका मोठ्या पिशवीत भरून माझ्या हाती दिल्या. चहाच्या वेळी एक बाई जवळ येऊन बसल्या. त्यांची मुलगी पुण्यात असते, तिला सातवा महिना लागला आहे. हळूच म्हणाल्या, "सिस्टर, माझी दोन बाळंतपणं झाली, पण तेव्हा मला कोणी काही सांगितलंच नाही. आता मुलगी विचारते, आई, नक्की काय होतं गं? तर मला सांगता येत नाही." मग थोडे थांबून म्हणाल्या, "आणि तुमच्या त्या पाड्यांवरच्या मुलींना कोण सांगतं?"

तेव्हाच ठरवले की या अंकाचा पाठ बाळंतपणावर लिहायचा. पुण्याच्या मुलीचे शरीर आणि धडगावच्या डोंगरातल्या पावरा मुलीचे शरीर यांत काही फरक नाही. कळा त्याच, क्रम तोच. पण एकीचा दवाखाना रिक्षाने वीस मिनिटांवर आहे आणि दुसरीचा चार तासांच्या पायवाटेनंतर, तोही ओढ्याला पाणी नसेल तर. म्हणून एकच पाठ दोघींना वेगवेगळ्या हिशोबाने शिकवावा लागतो. हे मला फार उशिरा कळले. कसे कळले तेही सांगणार आहे.

सुरुवात तारखेपासून करू. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस मोजले की डॉक्टरांची तारीख येते. आपल्या आज्या म्हणत ते 'नऊ महिने नऊ दिवस' या हिशोबाच्या अगदी जवळ जाते. पण त्याच दिवशी बाळंत होणाऱ्या बायका फार थोड्या. ३७ आठवडे पूर्ण झाल्यापासून ४२ आठवड्यांपर्यंत केव्हाही कळा येऊ शकतात. पाड्यावर कॅलेंडर नसले तरी हिशोब असतो. मी विचारते, "भोंगऱ्या बाजाराच्या आधी पाळी आली होती की नंतर?" होळीच्या आधीचा हा बाजार सातपुड्यात कोणी विसरत नाही. मार्चच्या मध्यावर होळी असेल आणि शेवटची पाळी त्याच सुमाराची असेल, तर बाळ नाताळच्या आसपास येणार. अशा मुलीला मी सांगते, नाताळच्या दोन आठवडे आधी खाली ये.

खऱ्या कळा, खोट्या कळा

शेवटच्या महिन्यात पोट मधूनमधून दगडासारखे घट्ट होते आणि सैल पडते. या खोट्या कळा. त्यांना ताल नसतो. जरा फिरले, पाणी प्यायले, कुशीवर झोपले की बऱ्याचदा थांबतात. खरी कळ कमरेतून सुरू होऊन पुढे ओटीपोटात येते. चालल्याने ती कमी होत नाही. दोन कळांमधले अंतर घटत जाते आणि प्रत्येक कळ अधिक लांबते. तीस सेकंदांची कळ पुढे एक मिनिटाची होते. याच सुमारास अंगावरून थोडे रक्त मिसळलेला चिकट स्राव जातो. पिशवीच्या तोंडाशी बसलेले बूच निघाल्याची ती खूण आहे. तो दिसला की घाबरू नये. कळा त्याच दिवशी येतात, कधी दोनचार दिवसांनीही येतात. रक्त मात्र पाळीसारखे वाहू लागले तर ही खूण समजू नये, ताबडतोब निघावे.

पाणमोट फुटली की गरम पाणी एकदम वाहते, किंवा थेंबथेंब गळत राहते आणि बाईला वाटते लघवीच झाली. वेळ लक्षात ठेवावी आणि रंग पाहावा. पाणी स्वच्छ असावे. हिरवे किंवा काळपट असेल तर बाळाने आतच शी केली आहे, थांबू नये. पाणी स्वच्छ असले तरी ते गेल्यावर कळा नसतानाही दवाखान्यात यावे, कारण आता आत जंतू शिरायला वाट मोकळी झाली.

शहरात पहिलटकरणीला सांगतात की कळा पाच पाच मिनिटांनी येऊ लागल्या, प्रत्येक कळ मिनिटभर टिकू लागली आणि तासभर तसेच चालले की निघा. पुण्याच्या मुलीसाठी हा नियम चांगला आहे. घरी आपल्या माणसांत, आपल्या खोलीत फिरता येते, दवाखान्यात उगाच तासन् तास पडून राहावे लागत नाही.

१९९१ च्या पावसाळ्यात मी हाच नियम एका मुलीला सांगितला. तेव्हा मला शिक्षण संपवून दोन वर्षे झाली होती. सातपुड्याच्या पायथ्याच्या एका दवाखान्यात नोकरी होती. मुलगी अठरा-एकोणीस वर्षांची, पहिलटकरीण, सासू सोबत. दोघी पहाटे निघून चालत आल्या होत्या. मी तपासले. पिशवीचे तोंड जेमतेम दोन बोटे उघडलेले, कळा वीस मिनिटांनी एक. खाटा भरलेल्या होत्या. मी पुस्तकातले सांगितले, "अजून वेळ आहे. घरी जा. पाच-पाच मिनिटांनी कळा येऊ लागल्या की या." सासूने एकदा माझ्याकडे आणि एकदा दाराबाहेरच्या पावसाकडे पाहिले. काही बोलली नाही. तिच्या घरात घड्याळ आहे का, हे मी विचारलेही नाही. दोघी उठल्या आणि गेल्या.

पुढचे पुढे सांगते. आधी आत काय चालू असते ते समजून घेऊ.

नारळ आणि स्वेटर

पाड्यावर हा भाग शिकवताना मी एक जुना, अरुंद गळ्याचा लोकरीचा स्वेटर आणि एक सोललेला नारळ नेते. तुमच्याच पिशवीतून आलेला स्वेटर आहे तो. नारळ आत घालायचा आणि गळ्याकडून हळूहळू बाहेर ढकलायचा. आधी गळ्याची जाड पट्टी पातळ होते, मग तोंड उघडू लागते. गर्भाशयाच्या तोंडाचे असेच होते. प्रत्येक कळ म्हणजे गर्भाशयाच्या स्नायूंनी ते तोंड वर ओढून घेणे. पूर्ण उघडले की ते १० सेंटीमीटरचे होते. आमच्या बायका हसतात, नारळ हाती घेऊन स्वतः करून पाहतात. एकदा एका आजीने गळा ओढून फाडला आणि म्हणाली, "घाई केली की असं होतं." त्यानंतर मला त्या दिवशी फारसे शिकवावे लागले नाही.

पहिले चार-पाच सेंटीमीटर उघडायला सर्वांत जास्त वेळ लागतो. कोणाला सहा तास लागतात, कोणाला पूर्ण दिवस. यात काही बिघडलेले नसते. आम्हाला शिकवले होते की तासाला एक सेंटीमीटर उघडलेच पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली तो आग्रह सोडला. आता पाच सेंटीमीटरपासून पुढच्या टप्प्याला जोराच्या कळांचा टप्पा धरतात. तो पहिलटकरणीला सहसा १२ तासांपेक्षा आणि आधी बाळंतपण झालेलीला १० तासांपेक्षा जास्त लागू नये. या वेळात आम्ही एका तक्त्यावर कळा, पिशवीचे तोंड, बाळाच्या हृदयाचे ठोके, आईची नाडी, रक्तदाब असे सारे मांडत जातो. हा तक्ता फिलपॉट आणि कॅसल या दोन डॉक्टरांनी १९७२ मध्ये आफ्रिकेत, तेव्हाच्या ऱ्होडेशियात, पुढे आणला. दूरच्या दाईला आणि नर्सला वेळेत कळावे की ही बाई मोठ्या दवाखान्यात पाठवायची आहे, यासाठी त्याचा उपयोग. कागदाचा एक तुकडा, पण त्याने किती आया वाचवल्या असतील!

या काळात आईने काय करावे? फिरावे, बसावे, भिंतीला टेकून उभे राहावे, कळ आली की लांब श्वास सोडावा. उताणे निजून राहू नये. ज्वारीची पेज, चहा, पाणी घोटघोट घ्यावे. सगळे सुरळीत असेल तर उपाशी ठेवण्याचे कारण नाही. दोन तासांनी लघवी करावी. भरलेले मूत्राशय बाळाची वाट अडवते. जवळ आपले माणूस असावे. सोबतीला कोणी असेल तर कळा सोसायला सोपे जाते आणि शस्त्रक्रियेची गरजही कमी पडते, हे अभ्यासांत दिसले आहे. केंद्र सरकारच्या २०१७ च्या 'लक्ष्य' कार्यक्रमात प्रसूतिगृहात सोबतीण असू देण्यास सांगितले आहे. तरी अजून कित्येक ठिकाणी सासूला, आईला दाराबाहेर बसवतात. आमच्याकडे सोबतीण आत असते. पावरी बोली मला तीस वर्षांनंतरही नीट येत नाही, त्यामुळे तिची गरज मलाच जास्त असते!

एक गोष्ट कळकळीने सांगते. 'कळांचे इंजेक्शन' नावाचा प्रकार गावोगाव चालतो. कोणी तरी बॅग घेऊन येतो, दंडात सुई टोचतो आणि कळा भडकतात. हे औषध चुकीचे नाही. पण बाळ बाहेर येण्याआधी ते द्यायचे झाले तर सलाइनमधून, थेंब मोजत, बाळाचे ठोके ऐकत, शस्त्रक्रियेची सोय असलेल्या ठिकाणीच द्यायचे असते. दंडात दिलेले परत काढता येत नाही. बाळ अडलेले असेल तर गर्भाशय फाटते. पोटावर जोर देऊन बाळ ढकलणेही तसेच घातक. पुण्याच्या मुलीनेही हे लक्षात ठेवावे.

बाळ येते तेव्हा

तोंड पूर्ण उघडले की कळांचे रूप बदलते. आता शौचाला लागल्यासारखा जोर येतो आणि तो आवरत नाही. पहिलटकरणीला यात तीन तासांपर्यंत लागू शकतात, इतरांना दोन तासांपर्यंत. बहुतेकींचे लवकर आटोपते. याच्या थोडे आधी कित्येक जणी थरथरतात, ओकतात, रागावतात, म्हणतात, "मला घरी जायचंय." सोबतच्यांनी याचा राग मानू नये, उलट समजावे की आता फार वेळ उरलेला नाही. जोर शरीर सांगेल तेव्हा लावावा. डोके दिसू लागल्यावर मात्र जोर थांबवून लहान लहान श्वास घ्यावेत, म्हणजे डोके हळू येते आणि अंग फाटत नाही.

इथे मला आमच्या पाड्यांवरच्या सुईणींचे ऋण मान्य करायचे आहे. मी नवी होते तेव्हा त्यांच्याकडून काही शिकण्यासारखे असेल असे मला वाटत नसे. घरी बाळंत होणारी बाई छताच्या आढ्याला बांधलेला दोर दोन्ही हातांनी धरून उकिडवी बसते, मागून कोणी तरी तिला आधार देते. आम्ही तिला दवाखान्यात आणून टेबलावर उताणी निजवायचो, पाय वर बांधायचो आणि मग म्हणायचो, ही नीट जोर लावत नाही. उताणे निजल्याने बाळाचा भार मोठ्या रक्तवाहिन्यांवर येतो, आईला भोवळ येते, बाळाला रक्त कमी पडते, आणि बाळाला चढावर ढकलावे लागते ते वेगळेच. आता आम्ही प्रसूतिगृहात एक मजबूत कडी लावून घेतली आहे, तिला दोर आहे. ज्या बाईला हवा ती धरते. पहिल्या आठवड्यात एक दोर तुटला आणि मी व ती बाई दोघी खाली बसलो. त्यानंतर दोर बैलाचा आणला.

पण सुईणींचे सारेच बरोबर होते असेही नाही. पुन्हा पुन्हा हात आत घालणे, नाळ मिळेल त्या धारेने कापणे, तिच्यावर राख किंवा शेण लावणे यांनी धनुर्वाताचे कितीतरी बळी घेतले. नाळेला काहीही लावायचे नाही, ती कोरडी राहू द्यायची. आता आमच्याकडच्या सुईणी हे स्वतःच नव्या सुनांना सांगतात.

वार, आणि त्यानंतरचे दोन तास

बाळ रडले की सगळ्यांना वाटते झाले. घरातले हसतात, कोणी पेढ्यांचे बोलतो. माझे लक्ष त्या क्षणी आईकडे असते.

पूर्ण दिवसांत आईच्या गर्भाशयाकडे दर मिनिटाला अर्ध्या लीटरहून अधिक रक्त जाते. वार सुटली की जिथे ती चिकटलेली होती तिथल्या रक्तवाहिन्यांची तोंडे उघडी पडतात. त्या बंद कोण करते? गर्भाशयाचे स्नायूच. ते आकसतात आणि त्यांच्या जाळीत सापडलेल्या नळ्या आवळल्या जातात, बटव्याची नाडी ओढावी तशा. थकलेले गर्भाशय आकसले नाही तर या नळ्या उघड्याच राहतात. मग मिनिटांचा हिशोब असतो.

म्हणून बाळ आल्यावर एका मिनिटाच्या आत आईच्या मांडीत ऑक्सिटोसिनचे १० युनिटचे इंजेक्शन देतात. आधी ज्याला घातक म्हटले तेच औषध, पण आता बाळ बाहेर आहे. नाळ एक ते तीन मिनिटांनी बांधतात, तोवर बाळाला आपल्या वाट्याचे रक्त मिळते. वार अर्ध्या तासात पडावी. ती ओढून काढू नये. ती पूर्ण आली का, तुकडा राहिला का, हे ताटात पसरून पाहतात. नंतर दोन तास दर पंधरा मिनिटांनी पोटावर हात ठेवून पाहायचे. गर्भाशय बेंबीखाली कडक गोट्यासारखे लागले पाहिजे. मऊ लागले तर चोळायचे, लघवी करवायची, बाळाला छातीशी लावायचे. बाळाच्या चोखण्यानेही गर्भाशय आकसते. हे औषध थंडीत, २ ते ८ अंशांवर ठेवावे लागते. तुमच्यापैकी काहींनी विचारले होते की दवाखान्याला फ्रिज आणि त्याला सौरऊर्जेची बॅटरी एवढी महाग कशाला. त्याचे उत्तर हे आहे.

आता त्या १९९१ च्या मुलीचे सांगते. घरी परतताना दुसऱ्या ओढ्यापाशी त्यांना पाण्याने अडवले. अंधार पडला. जोराच्या कळा तिथेच सुरू झाल्या. एका मोठ्या दगडाच्या आडोशाला, पावसात, सासूने तिचे बाळंतपण केले. बाळ नीट झाले, मुलगी. वारही पडली. सासूने आपले लुगडे फाडून दोघींना गुंडाळले. मग रक्त थांबेना. सासूने हाका मारल्या, पाण्याच्या आवाजात कोणाला ऐकू गेल्या नाहीत. पहाटे गुरे घेऊन आलेल्या पोरांनी पाहिले आणि पुरुष जमवून बांबूला झोळी बांधून त्यांनी तिला परत आमच्या दारात आणले. मी दार उघडले. ती गेलेली होती. तिच्या अंगात आधीच रक्त फार कमी होते. आदल्या दिवशी मी तिच्या डोळ्यांचा, जिभेचा पांढुरकेपणा पाहिला होता आणि लोहाच्या गोळ्या हातात दिल्या होत्या. निरोगी बाई अर्धा लीटर रक्त गेले तरी सावरते. ज्या बाईचे हिमोग्लोबिन सातच्या आसपास आहे तिच्याजवळ तेवढी शिल्लकच नसते.

मला कोणी दोष दिला नाही. तपासणी बरोबर होती, सल्ला पुस्तकाप्रमाणे होता. सासू बाळाला कुशीत धरून व्हरांड्यात बसून होती. मी तिच्यापुढे जाऊन उभी राहिले, मला बोलता आले नाही. तीही बोलली नाही. त्या पाड्यावरून पुढची दोन वर्षे एकही बाई आमच्याकडे आली नाही.

उत्पत्तीच्या ३५व्या अध्यायातली राहेल तुम्हाला ठाऊक आहे. तीही वाटेतच बाळंत झाली, एफ्राथ अजून लांब असताना. सुईण सोबत होती, मुलगा जगला, आई वाटेतच पुरली गेली. त्या वर्षीपर्यंत मी तो अध्याय कितीदा वाचला असेन, पण वाटेचा शब्द माझ्या नजरेत कधी भरला नव्हता.

निघायचे केव्हा

दोन वर्षांनी त्याच पाड्यावरचा एक माणूस बायकोला घेऊन आला. तिला दिवस भरायला अजून आठ-दहा दिवस होते. तो म्हणाला, "कळा आल्यावर आणली तर तुम्ही परत पाठवता. म्हणून आधीच आणली." दोघे आवारातल्या निंबाखाली राहू लागले, तीन दगडांची चूल मांडून. नवव्या दिवशी तिला मुलगा झाला. ती जाताना मी दवाखान्याच्या मागची लाकडे ठेवायची खोली रिकामी करायला परवानगी मागितली. आज तुमच्या मदतीने चालते ती विसाव्याची खोली तीच. शासनानेही आदिवासी भागातल्या काही प्राथमिक आरोग्य केंद्रांत 'माहेरघर' सुरू केले आहे. तिथे बाळंतपणाआधी काही दिवस आईला, तिच्या लहान मुलाला आणि सोबतीच्या माणसाला राहता येते, जेवण मिळते. १०२ आणि १०८ क्रमांकांच्या गाड्या आहेत. पण गाडी रस्त्यापर्यंतच येते, आणि फोनला रेंज टेकडीवर चढल्यावर मिळते.

म्हणून पाड्यासाठी माझा नियम असा. पहिली खरी कळ आली की निघा, मोजत बसू नका. पाणमोट फुटली, निघा. आणि त्याहून बरे, दिवस भरायच्या दोन आठवडे आधीच या. आधीचे मूल पोट फाडून झाले असेल, जुळे असेल, बाळ आडवे किंवा पायाळू असेल, रक्त कमी असेल, तर तीन-चार आठवडे आधी. सिकलसेल असलेल्या आईने तर नक्कीच. हा आजार आमच्या पावरा आणि भिल्ल कुटुंबांत पुष्कळ आहे. कळांच्या श्रमात पाणी कमी पडले, अंग गार पडले, श्वास अपुरा पडला की तिच्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकून नसांत अडकतात. तिला ऊब, भरपूर पाणी आणि प्राणवायू लागतो, आणि रक्ताची पिशवी आधीच सांगून ठेवावी लागते.

कुठल्याही गावच्या, कुठल्याही शहरातल्या आईने या खुणा पाहून क्षणभरही थांबू नये: रक्त वाहणे, डोके भयंकर दुखून डोळ्यांपुढे अंधारी येणे, चेहरा सुजणे, झटके येणे, ताप, बाळाची हालचाल मंदावणे, जोराच्या कळा बारा तास होऊनही बाळ न येणे, बाळाआधी नाळ किंवा हात बाहेर दिसणे, वार अर्ध्या तासात न पडणे. झटके आलेल्या बाईला भूत लागले म्हणून अडवून धरलेले मी पाहिले आहे. तो वाढलेला रक्तदाब असतो आणि त्यावर मॅग्नेशियम सल्फेटचे स्वस्त इंजेक्शन आहे.

"मग त्या बायका येत का नाहीत?" असे मला मेळाव्यांत विचारतात, कधी थोड्या नाराजीनेही. अंधश्रद्धा हे उत्तर लोकांना लगेच पटते. मला विचाराल तर ते चौथे-पाचवे कारण आहे. पहिले कारण घरातली लहान मुले. दुसरे शेळ्या आणि कोंबड्या; दोन आठवडे त्यांना कोण पाहणार? तिसरे, घरचा पुरुष ऊसतोडीला गुजरातेत गेलेला असतो. मग पोट फाडतील ही भीती, आणि दवाखान्यात कोणी तरी कधी तरी ओरडले होते त्याची आठवण. कळा सोसणाऱ्या बाईवर आवाज चढवलेला ती कधी विसरत नाही, तिची जाऊ विसरत नाही, तिची मुलगीही विसरत नाही. शेळ्यांसाठी आम्ही काही पाड्यांवर शेजारणींची पाळी ठरवली आहे. ती नेहमी जमते असे नाही. गेल्या हिवाळ्यात एक बाई विसाव्याच्या खोलीतून तिसऱ्या दिवशी न सांगता निघून गेली, कारण तिची शेळी व्यायची होती. तिचेही बाळंतपण घरी झाले, सुखरूप झाले, आणि शेळीचेही. पुढच्या बाजाराला ती बाळ दाखवायला आली तेव्हा मी रागावायचे ठरवले होते, जमले नाही.

राहिल्या टोप्या. बाळ ओले येते आणि उघड्या, ओल्या डोक्यातून त्याची ऊब झपाट्याने जाते. म्हणून आधी पुसून कोरडे करायचे, आईच्या उघड्या छातीवर ठेवायचे, वरून पांघरूण आणि डोक्यावर टोपी. पहिल्या तासातच पाजायचे. पहिले पिवळसर दूध, म्हणजे चीक, टाकून द्यायचे नाही. मध, गूळपाणी काही चाटवायचे नाही. एक दिवस अंघोळ घालायची नाही. अडीच किलोच्या आतली बाळे आमच्याकडे फार जन्मतात, त्यांना तर दिवसरात्र छातीशीच ठेवतो. टोपी थोडी सैल विणलेली बरी, कानांवर उतरते. गोंडे लावू नयेत, बाळे ते तोंडात घालतात आणि धागा सुटतो.

ज्या बाईंनी प्रश्न विचारला त्यांना मी फोनवर एवढेच जास्तीचे सांगितले: मुलीला घेऊन तिच्या दवाखान्यात एकदा आधीच जाऊन या, कळांच्या वेळी तुम्हाला आत येऊ देतील का ते विचारा, आणि नाही म्हणाले तर पुन्हा विचारा.

हे लिहीत असताना विसाव्याच्या खोलीत तिघी आहेत. एक मोलगीच्या पलीकडून आली आहे, सोबत तीन वर्षांचा मुलगा आणि एक पिंजऱ्यातली कोंबडी, कारण तिला सांभाळायला कोणी नव्हते. तिचे दिवस मागच्या रविवारी भरले. आज सकाळी मला म्हणाली, "सिस्टर, कळा काही येत नाहीत, बसून बसून कंटाळा आला." मी तिला लसणाची टोपली दिली आहे सोलायला. अर्धी झाली आहे.